घातपाताची विषयपत्रिका

१९४४ साली, दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, अमेरिकेच्या ‘ओएसएस’ने, म्हणजे सीआयएच्या पूर्वज खात्याने, एक छोटी पुस्तिका काढली. शत्रूच्या ताब्यातल्या मुलखात राहणाऱ्या साध्यासुध्या माणसांनी बॉम्ब-बंदूक हाती न धरता कारभार कसा खिळखिळा करावा, याची ती शिकवणी. कारखान्यातल्या कामगाराला सल्ला होता, हत्यारं बोथट होऊ द्या. कचेरीतल्या माणसाला सल्ला होता, मीटिंगा घ्या. बोलायला उभे राहाल तेव्हा लांबण लावा, स्वतःचे अनुभव सांगा. विषय समितीकडे ढकला, आणि समितीत पाचापेक्षा कमी माणसं नकोत. शब्दांचा कीस पाडा. मागच्या वेळी ठरलेलं पुन्हा उकरून काढा. आणि महत्त्वाचं काम अंगावर असेल तेव्हा तर मीटिंग घ्याच.

ही पुस्तिका आता कुणालाही वाचायला मिळते. हिंजवडीत किंवा बीकेसीत ती वाचायची गरज नाही. दर सोमवारी सकाळी अकराला तिची बरहुकूम अंमलबजावणी होतेच, तीही पगार घेऊन.

अकराची मीटिंग. वेळेवर आलेले चौघं. ‘दोन मिनिटं थांबू, साहेब जॉइन होतायत.’ साहेब सव्वाअकराला येतात, आणि वेळेवर आलेल्यांनी जे ऐकलं ते त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून. मग स्लाइड लागते. स्लाइडवर लिहिलेलंच मोठ्याने वाचून दाखवलं जातं, समोरच्या बारा इंजिनियरांना वाचता येत नाही या समजुतीने. तेवढ्यात एकजण ‘मला फक्त एवढंच ॲड करायचंय’ म्हणतो आणि आधीच्याचंच बोलणं सात मिनिटं ॲड करतो. घरून जॉइन झालेला बोलतो तेव्हा म्यूटवर असतो, बोलत नाही तेव्हा त्याच्या कुकरची शिट्टी ऐकू येते. खरा मुद्दा बारा वाजायला पाच कमी असताना निघतो, आणि ‘हे आपण ऑफलाइन घेऊ’ म्हणून लगेच झाकून ठेवला जातो. शेवटचा प्रश्न इतिवृत्ताचा, ‘एमओएम कोण पाठवणार?’ सगळ्यांच्या नजरा सर्वांत ज्युनियर मुलीकडे. ठरलं काय? पुढची मीटिंग गुरुवारी.

हिशेब मांडा. बारा माणसं, एक तास. म्हणजे एका माणसाच्या कामाचा दीड दिवस. टॅक्सीच्या चारशे रुपयांच्या बिलावर तीन सह्या लागतात, दीड दिवस उडवायला एक क्लिक पुरते. कॅनडातल्या शॉपिफाय कंपनीने २०२३ साली आधी तीन किंवा त्याहून जास्त माणसांच्या नेमाच्या मीटिंगा कॅलेंडरवरून पुसून टाकल्या, आणि मग मीटिंग ठरवतानाच तिचा अंदाजे खर्च डोळ्यांसमोर येईल अशी सोय केली. आपल्याकडे ही सोय आली तर आकडा बघून हादरलेले साहेब ताबडतोब खर्चकपात समिती नेमतील. पाचापेक्षा कमी माणसांची अर्थातच नाही.

ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी २००४ साली वरिष्ठांच्या मीटिंगांतून पॉवरपॉइंट हद्दपार केलं. त्याऐवजी जास्तीत जास्त सहा पानांचं टिपण, आणि तेही सुरुवातीला सगळ्यांनी गप्प बसून वाचायचं. गप्प बसायचं म्हटल्यावर आपले निम्मे वक्ते त्या दिवशी रजा टाकतील.

पण बोलघेवड्यांमुळे मीटिंग लांबते हा गोड गैरसमज आहे. ती लांबते, कारण खोलीतल्या कुणालाच एकट्याने ‘हो’ म्हणायचं नसतं. एकट्याने घेतलेला निर्णय चुकला तर मान एकाची. बारा जणांत घेतला तर चूक ‘टीम’ची. म्हणून तर निमंत्रितांची यादी लग्नाच्या यादीसारखी फुगत जाते. यांना वगळलं तर राग, त्यांना बोलावलं तर वजन. आणि जिथे जबाबदारी नको तिथे मतं फार. पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने १९५७ सालीच एक काल्पनिक समिती रंगवून ठेवली आहे. तिथे अणुभट्टीचा खर्च अडीच मिनिटांत मंजूर होतो आणि सायकल शेडच्या पत्र्यावर पाऊण तास काथ्याकूट चालतो. भट्टी कुणालाच कळत नाही, पत्रा सगळ्यांना कळतो. आपल्या ऑफिसात कोट्यवधींचं सॉफ्टवेअर पाच मिनिटांत पास. दिवाळीला मिठाई की ड्रायफ्रूट, यावर मात्र तज्ज्ञांची रांग.

आता जरा हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेकडे बघा. आपण तिला हसतो. नोटिशीतच छापलेलं असतं, गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल आणि मग गणपूर्तीची अट राहणार नाही. म्हणून शहाणी माणसं घरून निघतातच अर्ध्या तासाने. पार्किंगच्या विषयावर दोन मजले एकमेकांची उणीदुणी काढतात. पण तिथल्या सेक्रेटरी काकांकडून एक गोष्ट शिकावी. विषयपत्रिका चौदा दिवस आधी घरात. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम केल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. आणि भांडण कितीही रंगो, शेवटी वहीत लिहावंच लागतं: ठराव हा, सूचक हे, अनुमोदक ते. नावानिशी. उद्या नवी टाकी गळली तर ती कुणी सुचवली होती हे सगळ्या इमारतीला पाठ. पन्नास लाखांच्या पॅकेजवाल्यांच्या मीटिंगला सूचक नसतो, अनुमोदक नसतो, ठराव नसतो. असतात ते फक्त आयत्या वेळचे विषय.

तेव्हा मीटिंग आखूड करायला ॲप नको. कन्सल्टंट तर मुळीच नको, तो आल्या आल्या मीटिंगच मागेल. निमंत्रणात एकच प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर हो, नाही किंवा एखादी तारीख असेल. निर्णय कुणाचा, त्याचं नाव लिहा, तेही एकच. ज्यांना नुसतं कळवायचंय त्यांना टिपण पाठवा, बोलावू नका. साहेब उशिरा आले तर रामायण पुन्हा सांगू नका. शेवटची पाच मिनिटं ठराव वाचायला राखून ठेवा: काय, कोण, कधीपर्यंत. ठराव वीस मिनिटांत झाला तर वीस मिनिटांत उठा. खोली तासाची बुक केलीय म्हणून तास भरायची सक्ती नाही.

आणि येत्या सोमवारचं निमंत्रण आलं की ‘ॲक्सेप्ट’ दाबण्याआधी उलट एक ओळ धाडा: ‘ठराव काय आहे?’ उत्तर आलं तर जरूर जा. नाही आलं, तर कामाला लागा.