शेंगा कुणाच्या, सुरवंट कुणाचे?

"काकू, ऐकलंत का? बाटलीत गोगलगाय निघाली!"

"अगं बाई! कोपऱ्यावरच्या सोडावाल्याकडे ना? मला त्याचा संशय होताच."

"तुमचा सोडावाला सुटला. हे घडलं स्कॉटलंडातल्या पेस्लीत, १९२८ साली. एका बाईंना मैत्रिणीनं जिंजर बिअर पाजली. बाटली गडद काचेची. थोडी पोटात गेल्यावर उरलेली ओतली, तर कुजलेली गोगलगाय! बाई आजारी."

"मग धरायचं ना दुकानदाराला."

"कसं धरणार? पैसे मैत्रिणीनं दिलेले. हिचा दुकानदाराशी करारच नाही. हिनं थेट कारखानदाराला कोर्टात खेचलं. १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं तीन विरुद्ध दोन मतांनी हिची बाजू उचलून धरली. लॉर्ड अ‍ॅटकिन म्हणाले, आपल्या वागण्याची झळ ज्याला बसेल हे आधीच ध्यानात यायला हवं, तो आपला शेजारी. त्याला जपणं हे आपलं कर्तव्य."

"आणि गोगलगाय?"

"ती खरंच होती का, हे कोर्टात शेवटपर्यंत सिद्धच झालं नाही. पुढे कारखानदार वारला, प्रकरण तडजोडीनं मिटलं."

"बघ! गावगप्पेवर कायदा उभा राहिला."

"म्हणून तर ह्या किश्शांना मार्क आहेत. वकिलीसाठी द्यायच्या बार कौन्सिलच्या परीक्षेत शंभरातले पाच प्रश्न टॉर्ट, म्हणजे करार नसतानाही दुसऱ्याच्या हानीची भरपाई मागायचा कायदा, आणि त्याच्या सोबतीच्या कायद्यांवर. हॉलमध्ये बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याची टिपणांविना छापलेली पुस्तकं, न्यायची मुभा आहे, पण टॉर्टचा असा एक अ‍ॅक्टच नाही. सगळा कारभार निकालांवर."

"मग माझंही प्रकरण घे की. समोरच्या बाईनं पोळीभाजी केंद्र काढलंय. माझे डबे निम्म्यावर आले. ठोकू का दावा?"

"नाही टिकायचा. १४१० साली ग्लॉस्टरला एका मास्तरानं जुन्या शाळेच्या उरावर नवी शाळा काढली. जुन्यांना फी उतरवावी लागली. कोर्ट म्हणालं, नुकसान झालं खरं, पण तुमचा हक्क कोणता मोडला?"

"म्हणजे पोटावर पाय आला तरी गप्प बसायचं?"

"उलटंही होतं हो. १७०३ च्या खटल्यात एका मतदाराला मत देऊ दिलं नव्हतं. त्याचा उमेदवार तरीही निवडून आला. दमडीचं नुकसान नाही, पण हक्क मोडला म्हणून भरपाई मिळाली."

"सगळ्या मेल्या साहेबाच्या गोष्टी. आपल्याकडे काही घडत नाही?"

"घडतं की. १९५३ साली पालशेतच्या समुद्रकिनारी एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला आणलं. पुरती भूल न देता, जोर लावून हाड बसवलं. मुलगा गेला. वडील स्वतः डॉक्टर, ते लढले. १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टानं उपचार करणाऱ्या डॉक्टरांना जबाबदार धरलं. भरपाई तीन हजार रुपये."

"तरणाताठा मुलगा, आणि तीन हजार..."

"तेव्हाचे, काकू."

"म्हणजे पेशंट दगावला की डॉक्टर दोषी?"

"छे! चार प्रश्न ओळीनं विचारायचे. काळजी घ्यायचं कर्तव्य होतं का? त्यात कसूर झाली का? त्याच कसुरीनं हानी झाली का? अशी हानी होईल हे आधी उमगण्यासारखं होतं का? एकाचं जरी उत्तर 'नाही' आलं, तरी निष्काळजीपणाचा दावा कोसळला."

"मग कारखानेवाले म्हणतील, आम्ही सगळी काळजी घेतली होती."

"ती पळवाट बुजवली. १९८५ च्या डिसेंबरात दिल्लीत ओलियम वायू गळला. त्यावर सुप्रीम कोर्टानं ठरवलं, घातक धंदा चालवायचा तर झालेल्या हानीची भरपाई द्यायचीच. काळजी घेतली होती ही सबब चालणार नाही."

"हे छान केलं. आता घरचं सांग. तुमच्या शेवग्याची फांदी माझ्या अंगणात लोंबतेय, तिचं काय?"

"१८९५ चा इंग्लंडातला निकाल तुमच्या बाजूचा आहे. आपल्या हद्दीत उभं राहून, नोटीस न देता छाटू शकता. तोडलेल्या शेंगा मात्र झाडाच्या मालकाच्या. आमच्या!"

"शेंगा तुमच्या? मग खाली पडणारे सुरवंटही तुमचेच. थांब, सूप आणते. आईला म्हणावं, आजचा हप्ता मोजून घ्या."