लिंबूटिंबू कोण होणार?

आजकालच्या मुलांना कष्ट नकोत, सगळं आयतं हवं, हे विधान दर पिढीत कोणीतरी करतंच, आणि करताना हा शोध आपल्यालाच लागल्यासारखा चेहरा ठेवतं. पुरावा म्हणून मुलाच्या हातातला मोबाइल दाखवला जातो. त्या मोबाइलवर काय चाललंय, ते मात्र कोणी वाकून बघत नाही. रॉबर्ट टोपाला या स्वीडिश माणसानं 2013 साली 'जॉमेट्री डॅश' नावाचा गेम काढला. एक चौकोन आपोआप पुढे धावतो, वाटेत काटे येतात, बोट टेकवलं की तो उडी मारतो. काट्याला नुसता स्पर्श झाला की पहिल्यापासून सुरुवात. लेव्हल असते दीडेक मिनिटाची, आणि हा तुमचा कितवा प्रयत्न, तेही गेम पडद्यावर ठळक छापतो. शेजारच्यालाही वाचता यावं. 98 टक्क्यांवर मेलेलं मूल आरोळी ठोकतं, उशीला एक गुद्दा घालतं आणि आरोळी विरायच्या आत पुन्हा शून्यापासून धावू लागतं. भागाकाराच्या दुसऱ्याच पायरीवर 'मला नाही येत' म्हणून वही मिटणारं मूल ते हेच.

तेव्हा अवघडपणाशी मुलांचं भांडण नाही. त्यांना नको असतं ते लिंबूटिंबू होणं. डावात आहे, पण आउट झाला तरी धरायचं नाही, ही जागा घ्यायला कुठलंही मूल राजी नसतं. निन्टेन्डोला हे चांगलं ठाऊक असावं. 2009 च्या 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी'मध्ये एकाच लेव्हलमध्ये आठ वेळा मेलात की एक हिरवा ठोकळा उगवतो. त्याला धडक दिली की लुईजी येऊन सगळी लेव्हल स्वतः खेळून दाखवतो. केवढी ही माया! पण तो ठोकळा कधीच न उगवता गेम पुरा केला, तरच तुमच्या नावापुढचे तारे लुकलुकतात. म्हणजे मदत फुकट, पण तिची नोंद कायमची. 1992 चा 'वुल्फेनस्टाइन थ्रीडी' तर सरळ अंगावर येई: सर्वांत सोपी पातळी निवडताना तिथे नायकाचा फोटो दिसे, डोक्याला कुंची आणि तोंडात चोखणी. असल्या फोटोखाली सही करण्यापेक्षा वीरमरण परवडलं. धाकट्या भावाच्या हातात वायर न जोडलेला रिमोट देऊन 'तू पण खेळतोयस हं' म्हणणारी थोरली भावंडं घरोघरी असतात. ही लबाडी उघडकीला येते तेव्हा जो आकांत होतो, तो हरण्याबद्दलचा नसतो.

यावर चाळिशीतले बाबालोक म्हणतात, 'आमच्या वेळचा काँट्रा खेळून दाखवा, मग बोला.' मान्य, काँट्रा निर्दयच होता. पण 'वर-वर-खाली-खाली' करून 30 लाइफ कोण घेत होतं? तो कोड मुळात 'ग्रेडियस'साठी बनवला काझुहिसा हाशिमोतो यांनी, कारण स्वतः गेम तपासताना त्यांनाच तो झेपेना! आणि जुने गेम अवघड असत ते काही मुलांचं चारित्र्य घडावं म्हणून नव्हे. पहिला मारिओ जेमतेम 40 किलोबाइटचा. न मरता खेळला तर शाळेच्या मधल्या सुट्टीत संपेल. मुलांना वारंवार मारलं, तरच तो महिनोन्महिने पुरायचा. बाकी मुलांना काय झेपेल याचा अंदाज मोठेच बांधतात. 1986 मध्ये जपानात आलेला दुसरा मारिओ अमेरिकी मुलांना फार जड जाईल असं ठरवून त्यांना मारिओचे कपडे चढवलेला भलताच गेम देण्यात आला. मुलांना विचारलं कोणी?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पुष्कळ मुलं 'माइनक्राफ्ट'मध्ये 'पीसफुल' निवडतात, तिथे राक्षसच नसतात. मग ही पळवाट नाही का? नाही, कारण ती लढायला आलेलीच नसतात. ती किल्ला बांधायला येतात, आणि त्याचा एक बुरूज वाकडा वाटला म्हणून सगळी भिंत पाडतात. अवघडपणा कुठे घ्यायचा, ते त्यांनी स्वतः ठरवलेलं असतं. उलट भागाकारात तो दुसऱ्याने ठरवलेला असतो आणि चुकलं की नुसता आकडा चुकत नाही, आईचा सुस्कारा निघतो, शेजारच्या मुलीचे मार्क निघतात, 'पुढे कसं होणार' हा प्रश्न निघतो. गेम यातलं काही करत नाही. तो म्हणतो, प्रयत्न 48. आयुष्य असं पुन्हा सुरू करता येत नाही, हे खरं. पण चौथीतला भागाकार येतो की, खोडरबर त्यासाठीच असतं.

आता यावरचा तोडगा म्हणून अभ्यासाचेच गेम निघालेत. उत्तर चुकलं की त्यात एक गुबगुबीत हत्ती टाळ्या वाजवतो, 'छान प्रयत्न!' म्हणतो आणि आधीपेक्षा सोपं गणित पुढे सरकवतो. मूल एकदा हत्तीकडे बघतं, एकदा आपल्याकडे बघतं आणि वायर जोडलेली नाही हे त्याच्या लगेच ध्यानात येतं.