हिवाळी कामांची नियमावली (तात्यांच्या दुरुस्त्यांसह)

सदर नियमावली शेतकरी कुटुंबे, परसबागधारक आणि शेकोटीभोवतीची कायमस्वरूपी मंडळी यांच्यासाठी आहे. कार्यक्षेत्र प्रवरेकाठचं आमचं गाव आणि भोवतालच्या वस्त्या. कालावधी दिवाळीच्या अभ्यंगस्नानापासून संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत. त्यानंतर थंडी पडल्यास ती बेकायदेशीर समजावी. सर्व नियम आमचे थोरले चुलते तात्या यांनी तपासलेले आहेत. म्हणजे मी वाचून दाखवले आणि त्यांनी प्रत्येकाला "असं नसतं ते" म्हटलं.

नियम पहिला : तापमान ठरवणे. गावात तापमापक नाही आणि त्यावाचून काही अडतही नाही. पेपरात निफाडचा आकडा येतो. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा मोजतात. 2018च्या डिसेंबरात तो दोन अंशांच्याही खाली गेला होता आणि त्या दिवसापासून तात्या निफाडवर खार खाऊन आहेत. कृती अशी : निफाडच्या आकड्यातून एक वजा करावा. उरेल ते आपल्या गावाचं तापमान. कारण विचारलं तर "आपल्याला नदी आहे." निफाड तालुक्यातूनही गोदावरी वाहते, हे त्यांना सांगू नये. सांगितल्यास दोन वजा होतात.

नियम दुसरा : शेकोटी. बुडाला बाभळीचा ओंडका, त्यावर गोवऱ्या, पेटवायला तुराट्या. उसाचं पाचट घेऊन येणारा माणूस नवखा ओळखावा. पाचट भडकतं, भुवया जाळतं आणि विझतं. तेच पाचट सरीत दाबून कुजवलं तर जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो आणि ओल धरून राहते. पण हे ज्ञान शेकोटीजवळ सगळ्यांना असतं, फडात काडी ओढताना कुणालाच नसतं. टायर जाळणाऱ्याला मात्र उठवावंच, मग तो पॅनेलप्रमुख का असेना.

तुराट्यांबाबत एक पेच आहे. त्यांची रास आमच्या मोठ्या आईने चुलीसाठी रचलेली असते आणि तिला ती काडीकाडीने पाठ असते. तात्या स्वतः कधी रास मोडत नाहीत. ते फक्त "जरा दोन आण रे" म्हणतात. चोरीचा आळ आणणाऱ्यावर येतो, ऊब म्हणणाऱ्याला मिळते. या तत्त्वावर आमची ग्रामपंचायतही चालते, पण तो वेगळा विषय.

बसण्याची व्यवस्था वाऱ्यावर ठरते. वारं उत्तरेचं असतं, धूर दक्षिणेला जातो, म्हणून उत्तर बाजू ज्येष्ठांची. दक्षिणेला जावई, कॉलेजची मुलं आणि ज्यांच्याकडून उसने पैसे यायचे आहेत ते. एकदा बसलेल्याने उठू नये. उठला की जागा गेली. त्यामुळे शेकोटीवर जो बसतो तो हुकूम सोडतो आणि जो उभा असतो तो राबतो. उसाला भाव किती निघावा, साखरसम्राटांचं कुठे चुकलं, नवरी बघायला जाताना आधी विहीर का बघावी, हे सगळं बसलेल्यांचं काम.

नियम तिसरा : गव्हाचं पहिलं पाणी. याबाबत शेकोटीवर एकमत असतं आणि ते चक्क बरोबर असतं. पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांनी गव्हाला मुकुटमुळं फुटतात. तेव्हाचं पाणी चुकलं तर फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही पाणी पाजलं तरी ती तूट भरून निघत नाही. अडचण एवढीच की शेतीची वीज एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री, आणि हे वेळापत्रक मुकुटमुळांना कळवलेलं नसतं.

नियम चौथा : दारं धरणे. साहित्य : फावडं, बॅटरी, कानटोपी, गमबूट. कृती : रात्री वीज आली की मोटर चालू करावी आणि एक वाफा भरला की त्याचं दारं मोडून दुसऱ्याचं धरावं. पहाटेपर्यंत हेच. गुलाबी थंडी म्हणतात ती ही. शहरातल्या पेपरात तिचे फोटो येतात, धुक्यातला रस्ता, चहाचा ग्लास, मफलर. गुडघाभर चिखलात उभ्या माणसाचा फोटो येत नाही. बोटं फावड्याच्या दांड्याला चिकटलेली असतात, मध्येच फेज जातो, मोटर बंद पडते, आणि स्टार्टरच्या पेटीपर्यंत अंधारात बांधावरून चालावं लागतं. शेजारी उसाचा फड. फडात बिबट्या असतो की नसतो, यावर दिवसा चर्चा करता येते. रात्री करता येत नाही. दिवसा वीज द्या, ही मागणी जुनी आहे. ऐकणारे दिवसा जागे असतात म्हणून की काय, अजून मागावीच लागते.

उसात बिबट्या असेल तर एकट्याने जाऊ नये, आवाज करत राहावं, उजेड ठेवावा, खाली वाकून फार वेळ काम करू नये, असं वनखात्याचे लोक सांगतात. तात्या यातलं काही सांगत नाहीत. ते रात्री शेकोटी मळ्याच्या बांधावर हलवतात आणि दर थोड्या वेळाने तिथून बोंबलतात, "तिसऱ्या वाफ्याला पोचलं का पाणी?" पोचलेलं असतं. त्यांना ते दिसतही असतं. तरी पुन्हा विचारतात. मोटर बंद होईपर्यंत विचारतात. मी हे त्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते प्रथमच "असं नसतं ते" म्हणाले नाहीत, "पुढं वाच" म्हणाले.

नियम पाचवा : आंघोळ. बंब पेटवणाऱ्याचा नंबर शेवटी लागतो.

नियम सहावा : हरभरा. हे खातं मोठ्या आईचं, इथे तात्यांना मताधिकार नाही. फुलं येण्याआधी कोवळे शेंडे खुडावेत. झाड पसरतं, फांद्या वाढतात आणि भाजीही होते. उरलेला पाला सावलीत वाळवून डब्यात ठेवावा, उन्हाळ्यात लसणाच्या फोडणीत घातल्यावर त्याचं मोल कळतं. पाणी बेतानेच, कारण लाडाने पाजलेला हरभरा नुसता माजतो, घाटे धरत नाही. शेतात जागोजागी पक्ष्यांना बसायला काठ्या रोवाव्यात, घाटेअळी ते फुकट वेचतात.

आता आंब. हरभऱ्याच्या पानांवर आंबट खार असतो. संध्याकाळी स्वच्छ धुतलेलं पातळ फडकं झाडांवर पसरायचं, रात्रभर ते दवाने भिजतं, पहाटे काचेच्या बाटलीत पिळायचं. पोट धरलं की पाण्यात थेंबभर. मोठी आई हे सूर्य उगवायच्या आत उरकते, आणि ज्या टाचांनी ती त्या वाफ्यांतून हिंडते त्यांच्या भेगांत तीच आंब झोंबते. भेगांना कोकमाचं तेल वितळवून लावावं. तिला आणून दिलं तर ती नातीच्या गालांना लावते.

नियम सातवा : परसबाग. मेथी एकदम पेरू नये. एक वाफा आज, दुसरा पुढच्या बाजारादिवशी, म्हणजे गावभर वाटत हिंडायची वेळ येत नाही. धणे अख्खे टाकू नयेत, चपलेने हलके रगडून दोन फाका कराव्यात आणि रात्रभर भिजवून पेरावेत. थंडीत उगवायला उशीर लागतो, म्हणून रोज उकरून बघू नये. (हा उपनियम खास तात्यांसाठी आहे.) लसणाच्या बाहेरच्या जाड पाकळ्या घ्याव्यात, टोक वर करून लावाव्यात. पाणी सकाळी ऊन वर आल्यावर द्यावं. आभाळ आलं की मावा येतो, तेव्हा वालाच्या शेंड्यांकडे लक्ष असू द्यावं.

नियम आठवा : जनावरं. वासराच्या अंगावर गोणपाट, खाली कोरडा पाचोळा. गोठ्याचे पडदे रात्री सोडावेत आणि सकाळी न विसरता वर करावेत, नाहीतर आत कोंदटपणा साचतो. पाणी विहिरीचं ताजं, ते हौदातल्या शिळ्या पाण्यापेक्षा कोमट असतं. माणसांनीही हेच नियम पाळायला हरकत नाही. तात्यांना गोणपाट आवडतं.

नियम नववा : हुरडा. मालदांडी भाकरीची. हुरड्याला सुरती नाहीतर गुळभेंडी पाहिजे, दाणा हातावर चोळताच सुटतो. कणीस दुधातून चिकात आलं की दिवस फार थोडे मिळतात, मग दाणा टणक होतो आणि पाहुण्यांचे फोन सुरू होतात. कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजावीत, जाळावर नाही. जाळावर वरून काळी, आतून कच्ची राहतात. गरम असतानाच चोळावीत, फुंकरीने कोंडा उडवावा, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही जवळ ठेवावं. चोळणाऱ्याने खाऊ नये असा नियम तात्यांनी सुचवला होता. चोळणारा मी असल्याने तो फेटाळण्यात आला.

तेव्हा हुरड्याला जरूर या. दक्षिण बाजूला जागा ठेवलेली आहे. येताना मिठाई आणू नका, चार्जिंगची दणकट बॅटरी आणा, आणि आठवडा रात्रपाळीचा असला तर खाऊन लगेच निघू नका. दारं धरताना उजेड दाखवायला एक माणूस कमीच पडतो.