टेबलाखालचं कारण

हरण्याचं कारण टेबलाखाली ठेवता येणं, ही स्वस्तातल्या कॉम्प्युटरची सगळ्यात मोठी सोय आहे. महागडं यंत्र घेतलेल्याला ती नाही. तो हरला की हरला. मी मात्र ‘व्हॅलोरंट’ या बंदुकीच्या खेळात पहिल्याच वळणावर मेलो की हेडफोन काढायचो, सावकाश खाली वाकायचो आणि त्या काळ्या डब्याकडे खिन्नपणे बघायचो. घरात सगळ्यांना समजायचं की काकांचा नेम अचूक होता, चित्रच उशिरा आलं.

पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थाने रात्री जेवण आटोपून बंदूक हातात घ्यावी का, असा विषय आमच्या वाडीत अधूनमधून निघतो. मी उत्तर देत नाही. ज्याची प्रतिभा सेकंदाला २२ चित्रांत कोंडली आहे, त्याने कोणाकोणाला उत्तरं द्यायची? खेळ सुरळीत वाटायला सेकंदाला ६० चित्रं हवीत, म्हणजे एकेक चित्र साधारण १७ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवं. माझ्या वाट्याला न आलेल्या ३८ चित्रांत शत्रू भिंतीआडून निघायचा, मला मारायचा आणि पुढच्या कामाला लागायचा. त्या ३८ चित्रांत मी काय काय केलं असतं, याच्या कथा मात्र मी पाहुण्यांनाही सांगत असे.

दुखणं खरं होतं आणि अपमानकारकही. खेळ २०२० साली आला तेव्हा बनवणाऱ्यांनी किमान गरज म्हणून कोअर २ ड्यूओ ई८४०० हा २००८ सालचा प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम सांगितली होती. तेवढ्यावर ३० चित्रं मिळावीत. माझा प्रोसेसर २०१९ सालचा, रॅम दुप्पट. अकरा वर्षांनी तरुण असून म्हाताऱ्याच्या मागे! पण त्या यादीत खाऱ्या वाऱ्याचा रकाना नाही. पावसाळ्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस अंगावर घेणाऱ्या, दाराच्या बिजागऱ्या दर वर्षी खाणाऱ्या किनाऱ्यावर हा डबा ठेवला तर काय होतं, हे कोणी तपासलं असेलसं वाटत नाही.

निदानं पुष्कळ झाली. बाजारातल्या दुकानदाराने मान वर न करता सांगितलं, “नवीन घेवा.” मी स्वतः नको ते प्रोग्रॅम बंद केले, ड्रायव्हर ताजे केले आणि वीजवापराच्या पर्यायांतला सगळ्यात जोरकस पर्याय निवडला. त्यावर यंत्र जोरात घोंगावलं आणि आणखी सावकाश झालं. आई अंगणात सोलं वाळत घालत होती. ती म्हणाली, “ऊन दाखव झिला त्येका. सुंगटां बुरसतत, मगे ह्या बुरसाचा नाय?” मी तिला आर्द्रता, इलेक्ट्रॉनिक्स आणि परंपरा या विषयावर दहा वाक्यं ऐकवली. तिने ती ऐकून घेतली आणि सोलं उलटली.

शेवटी पुतण्या आला. बारावी झालेला, कमी बोलणारा. त्याने तापमान दाखवणारा एक आकडा पडद्याच्या कोपऱ्यात आणला. ९५ अंश. “यंत्र थकूक नाय, काका. तापला हा. तापला की आपणच पाय आखडता.” प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच उतरवतो, हे मला नवीन नव्हतं. नवीन एवढंच की सगळी गोष्ट माझ्या प्रतिभेवाचून एका वाक्यात संपली.

डबा उघडला. एक स्क्रू गंजून बसला होता, तो पकडीने काढावा लागला. आत मुंग्या होत्या, पालीच्या अंड्यांची दोन टरफलं होती आणि पंख्यामागच्या पातळ पत्र्यांच्या फटी ओलसर खाऱ्या धुळीने बुजल्या होत्या. प्रोसेसरवरची उष्णता पुढे नेणारी पेस्ट वाळून तिचे पोपडे निघत होते. पुतण्याने रंगाच्या ब्रशने सगळं झाडलं, नवी पेस्ट मुगाएवढी लावली आणि रिकामा डबा अंगणात उन्हाला ठेवला, सोलांच्या शेजारी. आई काही बोलली नाही. आमच्या घरातल्या बाईने अशा वेळी काही न बोलणं हे मोठं भाषण असतं.

मग त्याने रॅमची दुसरी पट्टी बसवली. ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटातच असेल तर त्याला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधून उसनी घेतं. एकच पट्टी म्हणजे ये-जा करायला एकच पदर. मुंबई-गोवा महामार्गावर आयुष्य काढलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. फरक इतकाच की महामार्गाचं चौपदरीकरण २०११पासून चालू आहे, रॅमचं दुपदरीकरण चहा निवायच्या आत उरकलं.

शेवटी त्याने खेळातली सगळी सजावट खालच्या पायरीवर आणली. बारीक नक्षी गेली, कडांचा गुळगुळीतपणा गेला. मी हळहळलो. मग मला दशावतार आठवला, आणि दशावतार आठवला की मी लवकर परत येत नाही.

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पार्सेकर, मोचेमाडकर, आरोलकर अशी दशावतारी नाट्यमंडळं पेटारे घेऊन गावोगाव फिरतात. मागे एक पडदा, पुढे एक बाकडं, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. एवढ्या सामानावर रात्र काढायची. लिहिलेली संहिता नाही. कथानक ठरलेलं, संवाद उभ्याउभ्या. तेच बाकडं इंद्राचं सिंहासन असतं, घटकाभराने कैलास होतं, आणि राणी त्यावर रुसून बसली की अंतःपूर. कैलासावरचं बर्फ कुठे गेलं, असं आजवर कोणी उठून विचारलेलं नाही. राजा आणि राक्षस नुसते गरगरा फिरतात, लढतो तो मृदंग. दुपारी मिशी काढलेला बापया नऊवारीत विलाप करू लागला की पुढे बसलेल्या बायकांचे पदर डोळ्यांना लागतात. चित्र काढण्याचं सगळं काम प्रेक्षकांच्या डोक्यावर टाकलेलं, मंडळाला दमडीचा खर्च नाही! सुरुवातीच्या आड दशावतारात गणपती, सरस्वती, संकासुर येऊन जातात, तेवढ्यात आख्यानातले राजे आत रंग लावून घेतात. खेळ लोड होताना पडद्यावर जे मुकाट गोल फिरत राहतं, त्यापेक्षा संकासुर कितीतरी बरा, तो निदान टवाळी करतो. मी अख्खं कुरुक्षेत्र असंच एका बाकड्यावर पाहिलं आहे, तेही आजीच्या मांडीवर अर्धवट झोपेत, आणि एकही चित्र गळलं नाही.

जूनमध्ये पुतण्या मुंबईला गेला. इथे मला विनोद सुचत नाही. मुंबईत जुनं झालेलं सगळं आमच्याकडे येतं: मिक्सर, सोफा, रॅमची ती पट्टीसुद्धा. आणि आमच्याकडे हाताला वळण लागलेलं प्रत्येक पोर तिकडे जातं. यंत्र इथे राहून गंजतं, गंज काढणारा राहत नाही. त्याला ‘थांब’ म्हणायला माझ्याकडे एक कारण असायला हवं होतं. हरण्याची कारणं मी रोज शोधून काढायचो, हे एक सापडलं नाही.

खेळाचा सर्व्हरही मुंबईतच. मी मालवणात झाडलेली गोळी आधी मुंबईला जाते, लागली की नाही ते तिथे ठरतं आणि निकाल गावी येतो. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार मुंबई मंडळाच्या बैठकीत ठरताना पाहिलेल्यांना यात नवल नाही. सर्व्हर मात्र सेकंदाला १२८ वेळा निर्णय घेतो. आमच्या मंडळाचा कौलं की स्लॅब हा ठराव अजून चर्चेत आहे.

यंत्र आता ६०च्या खाली येत नाही. ती हरवलेली ३८ चित्रं मला मिळाली. त्यांत मी काहीही करत नाही. नुसता उभा असतो, अत्यंत सुरळीतपणे.

पुतण्या रात्री मुंबईहून खेळायला येतो. सर्व्हर त्याच्या उशाशी असल्यामुळे त्याची गोळी माझ्याआधी पोचते, चाकरमान्यांचं सगळंच असं. काल हेडफोनमधून त्याने विचारलं, “काका, आता कित्याक मेलात? मशीन तर बरा आसा.”

“खुर्ची,” मी म्हटलं. “खुर्ची बरी नाय.”