मीटर हलला की किंमत पडली

सोलापुरात जुन्या गाडीचा भाव ठरायची रीत ठरलेली आहे. एजंट आकडा सांगतो, गिऱ्हाईक हसतं, मग चहा येतो आणि चहाबरोबर ‘डॉक्टरांची गाडी आहे’ हे वाक्य येतं. या शहरातल्या डॉक्टरांनी म्हणे इतक्या गाड्या विकल्या आहेत, की ते पेशंट कधी तपासतात हा प्रश्नच पडावा. सगळ्या एकहाती, सगळ्या घर ते दवाखाना एवढ्याच फिरलेल्या, आणि सगळ्यांचं रनिंग चाळीस हजारांच्या आत.

होटगी रोडवरच्या टपरीवर आमचे अण्णा अशा गाड्यांची शहानिशा फुकट करून देतात. मीटरकडे ते बघतही नाहीत. आधी ब्रेकच्या पेडलचं रबर चाचपतात. मीटर म्हणतो अठरा हजार आणि रबरावरच्या रेघा पार गुळगुळीत, म्हणजे डॉक्टर बहुधा रात्रपाळीला ऊस वाहत होते. मग टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गाडी २०१६ ची, ‘उभीच असते साहेब’, आणि टायर २०२२ चे. “जुने टायर काय उभ्या उभ्या झिजले का बे?” असं अण्णांनी विचारलं की चहाचे पैसे एजंट देतो.

एवढं घट्ट बसलेलं हे शास्त्र टपरीवरच्याच आमच्या मास्तरांनी परवा एका बातमीने उलटंपालटं केलं. १९९५ ची एक मॅक्लारेन एफ-वन ऑगस्ट २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या लिलावात २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलरला गेली. तेव्हाच्या दराने दीडशे कोटी रुपयांच्या वर. आणि रनिंग किती? ३९० किलोमीटर. सोलापुरातून निघाली असती तर २६ वर्षांत धड मुंबईतही शिरली नसती, वाशीच्या खाडीपुलावरच लिलाव पुकारावा लागला असता.

“किलोमीटरला ३८ लाखांच्या वर पडले,” मास्तरांनी हिशेब मांडला.

“एवढे देऊन तो चालवणार कुठं?” अण्णा म्हणाले.

“चालवणार नाही. चालवली तर किंमत पडेल.”

अण्णा बराच वेळ गप्प होते. गड्ड्याच्या यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात त्यांची हयात गेली आहे. तिथे बैलाचे दात बघतात, पण चालवून बघितल्याशिवाय इसार देत नाहीत. कधीच जुंपला नाही म्हणून बैलाचा भाव चौपट झाल्याचं त्यांनी पाहिलेलं नाही. असा बैल कुणी आणलाच तर त्याला खोड काय आहे, एवढंच लोक विचारतात.

मास्तरांनी मग त्यांना उभ्या गाडीचा प्रपंच समजावून सांगितला. उभी गाडी फुकट उभी राहत नाही. सील सुकतात, पेट्रोल शिळं होतं, टायर एका जागी बसतात. या मॅक्लारेनच्या टाकीतली रबरी पिशवी ठराविक वर्षांनी बदलावीच लागते, आणि त्यासाठी इंजिन खाली उतरवावं लागतं. म्हणजे चालवली तर नुकसान, नाही चालवली तर खर्च. असा माणूस गाडीचा मालक नसतो, वॉचमन असतो. फरक इतकाच, की वॉचमनला पगार मिळतो.

आपलं सरकारही या बाबतीत मागे नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळा नंबर मिळतो आणि त्याबरोबर रोज रस्त्यावर आणायला मनाईही मिळते. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची.

पण अण्णांनाही आपल्या बाजूचा साक्षीदार सापडला, आणि तोही साधासुधा नाही: मिस्टर बीन. रोवन ॲटकिन्सन यांनी अशीच एफ-वन १९९७ मध्ये ५ लाख ४० हजार पौंडांना घेतली, ४१,००० मैल मनसोक्त पळवली, दोनदा ठोकली आणि २०१५ मध्ये ८० लाख पौंडांना विकली. आमच्याकडे बंपर बदललेला दिसला तरी गिऱ्हाईक पन्नास हजार तोडतं. तिथे गाडीचा चुराडा होऊन परत बांधली, तरी भाव चढाच.

“म्हणजे किती चालली याला अर्थ नाही,” अण्णा म्हणाले, “ठोकली कुणी, ते बघायचं.”

सचिनच्या फेरारीने तर हे आपल्या अंगणात सिद्ध केलं आहे. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्याबद्दल ३६० मोडेना भेट मिळाली, २००२ मध्ये सिल्व्हरस्टोनला शूमाकरने ती सुपूर्द केली. पुढे सरकारने सुमारे १ कोटी १३ लाखांची कस्टम ड्यूटी माफ करायचं ठरवलं आणि देशभर गदारोळ झाला. शेवटी ड्यूटी भेट देणाऱ्या कंपनीने भरली. २०११ मध्ये गाडी सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडे गेली. मीटर किती झाला होता, हे त्या वेळी कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

आता एजंटचे कान टवकारले. “आपल्याकडं असलं काय घावतंय का मास्तर?” शेजारच्या गोव्यात सॅन मोटर्सने नव्वदच्या दशकाच्या शेवटी ‘स्टॉर्म’ नावाची दोन सीटची स्पोर्ट्स कार बनवली होती. फायबरची बॉडी, रेनॉचं बाराशे सीसीचं छोटं इंजिन. थोड्याच बनल्या, तेव्हा कुणी विचारलं नाही, आता हौशी लोक शोधत फिरतात. “गोव्याला तर आता इथूनच विमान आहे,” एजंट म्हणाला.

या वाक्यावर अण्णांना साक्षात्कार झाला. कमी रनिंगचा सर्वांत भारी नग आमच्या याच होटगी रोडवर आहे. विमानतळासाठी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली. उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ ला झालं. गोव्याचं विमान उडालं ९ जून २०२५ ला. मधले आठ महिने धावपट्टी शोरूम कंडिशनमध्ये होती. त्याच वेळी पेबल बीचला नेली असती तर महापालिकेची देणी फिटली असती. आता रोज विमानं उतरायला लागली, तर रिसेल गेलीच. आमचे नळही काही दिवसांआडच चालतात. त्यांचं रनिंग बघता सोलापूरकर घरोघरी कोट्यधीश आहेत, फक्त बादली रिकामी आहे.

एजंट मात्र हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या आवारातल्या, सहा वर्षं चालू न झालेल्या गाडीवरचा ‘बंद आहे, भाव कमी होईल’ हा बोर्ड गेला आणि ‘दुर्मीळ, अस्पर्शित’ असा आला. किंमत दुप्पट.

“पण न्यायची कशी?” एका गिऱ्हाइकाने विचारलं.

“चालवून नेऊ नका साहेब, मीटर वाढेल. आपला टेम्पो आहे,” एजंट म्हणाला. “भाडं किलोमीटरवर.”