कादंबरीच्या पत्त्यावर

जे गाव मुळात नाहीच, तिथलं तिकीट कुठून काढायचं? चीन सरकारने हा प्रश्न २००१ साली निकालात काढला. युन्नान प्रांतातल्या झोंगदियान तालुक्याचं नाव बदलून त्यांनी थेट 'शांग्रिला' करून टाकलं.

मूळ शांग्रिला जेम्स हिल्टनच्या १९३३ सालच्या 'लॉस्ट होरायझन' या कादंबरीतली. कुनलुन पर्वतात कुठेशी एक दरी, खाली सोनं, वर मठ, आणि म्हातारं व्हायचं विसरून गेलेली माणसं. मुख्य लामा म्हणजे १७३४ साली वाट चुकून आलेला लक्झेंबर्गचा पाद्री. वय अडीचशेच्या घरात. मला मात्र सगळ्यात भावला तो मठातला बाथटब. नाजूक हिरव्या पोर्सेलिनचा, त्यावर अमेरिकेतल्या ओहायोचा शिक्का! त्या वाटेने तो ज्यांनी वर चढवला, त्या हमालांवर खरं तर वेगळी कादंबरी व्हायला हवी.

कादंबरीत तिथे जायला विमान पळवावं लागतं. आम्ही लिच्यांगहून रेल्वेने गेलो. ही गाडी २०२३ साली सुरू झाली.

गाव सुमारे ३,२०० मीटरवर. कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई ठेवा, जवळपास तेवढं. दुकानात प्राणवायूचे डबे मिळतात, दिसायला थेट डासांच्या फवाऱ्यासारखे.

"एका डब्यात किती श्वास बसतात हो?" सौ.नी विचारलं. दुकानदाराला मराठी येत नव्हतं, म्हणून वाचला.

सोंगत्सानलिन मठ मात्र अस्सल. १६७९ सालचा, सोनेरी छपरांचा, टेकडीवर पसरलेला. पुढ्यात १४६ पायऱ्या. पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी बोलत बोलत चढतो. इथे चाळिसाव्या पायरीवर संभाषण संपलं, साठाव्यावर स्वाभिमान. शेजारून एक तिबेटी आजी माळ जपत, न थांबता वर गेल्या. वय विचारायचा धीर झाला नाही. अडीचशे म्हणाल्या असत्या तर?

दुसऱ्या दिवशी नापा सरोवर पाहायला गेलो. नकाशावर ते निळंशार. प्रत्यक्षात हिवाळ्याच्या तोंडाशी पाणी आटून कुरण झालेलं, आणि जिथे लाटा असायला हव्यात तिथे याक रवंथ करत बसलेले. जुन्या गावाचंही तसंच. २०१४ च्या जानेवारीत त्याचा मोठा भाग जळाला, मग तो पुन्हा जुना बांधला. 'नवंकोरं जुनं' हा प्रकार आपल्याकडच्या हॉटेलांतल्या वाड्यांमुळे ओळखीचा होता, तरी गल्ल्या गोड वाटल्या. गल्लीतला याकच्या लोण्याचा खारट चहा सौ.नी एका घोटात ओळखला. "यात डाळ राहिली घालायची."

गंमत म्हणजे तिथले तिबेटी लोक आपल्या मुलखाला आजही ग्यालथांगच म्हणतात. शांग्रिला आम्हा पाहुण्यांसाठी. आणि या नावाला वारस काय कमी? शेजारच्या सिचुआनमध्ये एक शांग्रिला आहे, पाकिस्तानात स्कर्दूजवळच्या तळ्याकाठी एक रिसॉर्ट आहे, आणि रूझवेल्टने तर आपल्या विश्रांतीच्या बंगल्यालाच हे नाव दिलं होतं. तोच पुढे कॅम्प डेव्हिड झाला.

परतीच्या गाडीत मी सौ.ना कादंबरीतली लो-त्सेन सांगितली. दरीत कोवळी तरुणी; बाहेर पडली आणि थेट जख्ख म्हातारी.

सौ. गप्प झाल्या. लिच्यांग आलं. उतरता उतरता त्यांनी पर्समधून आरसा काढला, नीट न्याहाळलं, आणि तो माझ्यापुढे धरला.

"मी आहे तशीच आहे. तुम्ही बघा बरं."