पाटा-वरवंटा आणि पेसमेकर

"काकू, चार कढीपत्त्याची पानं तोडते हं."

"तोड की. पण काय गं, हल्ली मिक्सर वाजत नाही तुझा? त्या आवाजावर मी चहा टाकते."

"वाजणार कसा! मामंजींना पेसमेकर बसवला ना. कुणीतरी सांगितलं, विजेचं काही चालू झालं की यंत्र बंद पडतं. झालं! मिक्सर माळ्यावर आणि मी पाट्यावर."

"अगं बाई, खरं की काय?"

"कसलं खरं! काल तपासणीला गेलो तेव्हा मीच विचारून घेतलं. मिक्सर, पंखा, टीव्ही, मायक्रोवेव्ह, सगळं चालतं. यंत्राची डबी टायटॅनियमची, बाहेरच्या लहरी अडवायची सोय आतच. फक्त इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट लांब राहा म्हणाले."

"अण्णा आणि शेगडीजवळ! जन्मात कधी गेलेत?"

"ऐका तर. मिक्सरला भिणारा हा माणूस मोबाइल कुठे ठेवतो? सदऱ्याच्या डाव्या खिशात. बरोब्बर यंत्रावर!"

"फोनने काय होतं?"

"काही नव्या फोनांत लोहचुंबक असतं, चार्जरला चिकटायला. 2021 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी आयफोन 12 एका रुग्णाच्या छातीजवळ नेला, तर त्याचं हृदयाला झटका देणारं यंत्र गपगार. पेसमेकरचं जरा निराळं. चुंबक आलं की तो हृदयाकडे लक्षच देत नाही, एका ठेक्यात ठोके देत सुटतो. चुंबक हटलं की पुन्हा ताळ्यावर. म्हणून फोन सहा इंच लांब, आणि बोलायचं तर उजव्या कानाला."

"म्हणजे एरवी हृदयाकडे लक्ष असतं होय त्याचं?"

"तर! हृदयाने आपणहून ठोका दिला की हा गप्प. घोळ तिथेच. वेल्डिंगसारखी खरखर जवळ असली, तर तिलाच ठोका समजून हा द्यायचा ठोका देत नाही. मग चक्कर."

"आमच्या ह्यांच्यासारखंच की गं! मालिकेत बेल वाजली की उठून आपलं दार उघडतात."

"काकू, काहीतरीच तुमचं!"

"बरं, मग मिक्सर उतरव आता."

"उतरवू देतील तर ना! फोन मुकाट पँटच्या खिशात गेला. पण मिक्सर म्हटलं की छातीवर हात. पाट्यावरच्या चटणीची चव लागलीय ना!"

"हात्तिच्या! मग त्यांनाच बसव पाट्यावर."

"डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, काही आठवडे."

"वरवंटा खांद्याच्या वर कोण नेतं गं?"